एका अक्षराची चूक? सिकलसेल, ‘कारण’ आणि ‘इलाज’

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरं जोडली आहेत.)

आधी एक खुलासा करतो. माझ्या नावाआधी ‘डॉक्टर’ लागतं ते तत्त्वज्ञानातल्या प्रबंधामुळे. आमच्या सोसायटीत एखादा नवा भाडेकरू अजूनही रात्री-अपरात्री बेल वाजवतो, ‘आईला चक्कर येतेय’ म्हणतो. मी त्याला खालच्या मजल्यावरच्या खऱ्या डॉक्टरांचं दार दाखवतो. तेव्हा आज औषधांची नावं बरीच येणार असली तरी त्यातलं काही वैद्यकीय सल्ला म्हणून घेऊ नका. मला बोलायचं आहे एका वाक्याबद्दल.

वाक्य असं: ‘सिकलसेल हा आजार जनुकातल्या एका अक्षराच्या चुकीमुळे होतो, आणि ती चूक दुरुस्त करणारा इलाज आता सापडला आहे.’ गेल्या काही वर्षांत हे वाक्य, थोड्याफार फरकाने, तुम्ही वर्तमानपत्रात, यूट्यूबवर, लोकप्रिय विज्ञानाच्या पुस्तकांत वाचलं-ऐकलं असेल. ऐकायला छान आहे. सुटसुटीत आहे. माझं म्हणणं असं की त्याचा पहिला अर्धा भाग अर्धाच खरा आहे आणि दुसरा अर्धा सरळ चुकीचा आहे. आणि ही शब्दांची कीस काढणारी तक्रार नाही. गडचिरोली, नंदुरबार, भंडाऱ्यातल्या एखाद्या मुलाला कोणती गोळी मिळते, कोणती मिळत नाही, एखाद्या मुलीचं लग्न मोडतं की नाही, हे या वाक्यातल्या ‘मुळे’ या शब्दावर अवलंबून आहे.

आता गोष्ट कुठून सुरू झाली ते पाहू. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने एक टिपण छापलं. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाच्या तरुणाच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी दिसल्या होत्या. हेरिकला त्याचा अर्थ लागला नव्हता आणि त्याने तसं प्रामाणिकपणे लिहिलं. नोएल शिकून परत गेला, दवाखाना काढला, आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने वारला. न्यूमोनियाने, हे ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

मग येतो लायनस पॉलिंग. १९४५ साली एका समितीच्या कामात विल्यम कॅसल या डॉक्टरांकडून त्याने ऐकलं की या पेशी ऑक्सिजन कमी झाला की वाकड्या होतात. पॉलिंगच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला: ऑक्सिजनशी संबंध आहे, म्हणजे दोष पेशीत नसून आतल्या हिमोग्लोबिनमध्ये असणार. हार्वी इटानो, सीमोर सिंगर आणि इबर्ट वेल्स या सहकाऱ्यांबरोबर त्याने ते दाखवून दिलं. विजेच्या क्षेत्रात ठेवलं की रुग्णाचं हिमोग्लोबिन आणि निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन वेगवेगळं सरकतं. याला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयात ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ असा जो रिपोर्ट हातात देतात, तो याच तंत्राचा नातू. १९४९ मध्ये ‘सायन्स’मध्ये तो शोधनिबंध आला. शीर्षक होतं, ‘सिकलसेल अ‍ॅनिमिया, एक रेण्वीय रोग’.

या निबंधाबद्दल मला अतिशय आदर आहे. पण समीक्षा करायची तर आदर बाजूला ठेवून वाचायला हवं. यात तीन विधानं आहेत. पहिलं, रुग्णाचा रेणू वेगळा आहे. हे सिद्ध केलं. दुसरं, रेणूच्या वेगळेपणातून पेशी वाकडी कशी होते ते समजू शकतं. हे तर्काने मांडलं, आणि तर्क चांगला होता. तिसरं विधान शीर्षकात आहे: रोग हा रेणूचा आहे. हे कुठेच सिद्ध केलेलं नाही. ते नाव ठेवलंय. बारसं केलंय. आणि बारशाला पुरावा लागत नाही.

गंमत म्हणजे तिसऱ्या विधानाला अडचणीत आणणारा पुरावा त्याच निबंधात आहे. पॉलिंगच्या मंडळींनी वाहकांचं, म्हणजे ज्यांना एकाच पालकाकडून हे जनुक आलंय अशांचं, रक्तही तपासलं. त्यात दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन निघालं, वेगळं हिमोग्लोबिन साधारण ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शरीरात तो ‘रोगी रेणू’ कोट्यवधींच्या संख्येने फिरतोय, आणि माणूस शेतात नांगर धरतोय. त्याला काही झालेलं नाही. रेणू रोगी असता तर हा माणूस निदान चाळीस टक्के आजारी पडायला हवा होता. तो पडत नाही. का पडत नाही, हा प्रश्न त्या निबंधाच्या वाचकांनी जेवढ्या गंभीरपणे घ्यायला हवा होता तेवढा घेतला नाही. शीर्षक इतकं झकास होतं.

पुढची पायरी भराभर सांगतो. १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इंग्रॅमने दाखवलं की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आहे. नंतर डीएनए वाचता येऊ लागलं तेव्हा कळलं की अकराव्या गुणसूत्रावर ‘जीएजी’च्या जागी ‘जीटीजी’ आहे. ए-च्या जागी टी. झालं, एका अक्षराची चूक. रूपक जन्माला आलं. आता ‘चूक’ म्हणायला सुद्धा थोडी अडचण आहे, कारण १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसनने पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं होतं की हे अक्षर एकदाच आलं असेल तर मलेरियापासून संरक्षण मिळतं. मलेरियाच्या जंगलात ज्याने हजारो मुलं वाचवली त्याला मुद्रणदोष म्हणायचं का? पण ते असू द्या. रूपक वापरणाऱ्यांनाही हे माहीत असतं.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते या अक्षरानंतर काय घडतं ते. तिथे वेळ द्यायला हवा.

व्हॅलीन हे पाण्याला टाळणारं अमिनो आम्ल आहे. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार थोडा बदलतो, आणि एका रेणूचं व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या एका खाचेत जाऊन बसतं. एकाला एक चिकटत दोऱ्या तयार होतात, त्या पेशीला आतून ताणतात, पेशी विळ्यासारखी आणि ताठ होते. बारीक रक्तवाहिनीत अडकते. वेदना. हात, पाय, कंबर, छाती. ज्यांनी आपल्या मुलाला असा क्रायसिस आलेला पाहिलाय त्यांना मी वेगळं सांगायला नको. नेहमीची तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते.

पण या दोऱ्या लगेच तयार होत नाहीत. आधी थोडा विलंब असतो. पेशीने ऑक्सिजन सोडला आणि दोऱ्या जमायच्या आत ती अरुंद बोळातून सुटून फुप्फुसाकडे निघाली, तर काहीच होत नाही. सगळा खेळ शर्यतीचा आहे. १९७४ मध्ये हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी दाखवलं की हा विलंब पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या एकाग्रतेवर भयानक तीव्रतेने अवलंबून असतो. काही परिस्थितीत जवळजवळ तिसाव्या घाताने. आपण गणित करू. एकाग्रता फक्त १० टक्क्यांनी वाढली, म्हणजे १.१ चा तिसावा घात. उत्तर येतं साधारण १७. दोऱ्या सतरापट लवकर जमणार. आणि एकाग्रता वाढते कशाने? पेशीतलं पाणी कमी झालं की. चंद्रपुरात मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता गोळा करणारा माणूस दिवसभर किती पाणी पितो, याचा त्या घातांकाशी थेट संबंध आहे. डॉक्टर ‘भरपूर पाणी पी’ म्हणतात तेव्हा आपल्याला वाटतं ही काहीतरी आजीबाईची गोष्ट सांगितली. ते अगदी रेणूपर्यंत जाणारं औषध आहे.

आता वाहकाला काही का होत नाही तेही कळतं. त्याच्या पेशीत वेगळ्या हिमोग्लोबिनची एकाग्रता कमी, विलंब लांब, पेशी सुटते. अक्षर तेच, रेणू तोच, पण रोग नाही.

इथे मला माझ्या धंद्यातलं एक हत्यार काढू द्या. आपल्या नैयायिकांनी ‘कारण’ कशाला म्हणायचं याची फार बारीक चर्चा केली आहे. कार्याच्या आधी नेमाने असणारं ते कारण, पण एक अट: ते ‘अन्यथासिद्ध’ नसावं. अन्यथासिद्ध म्हणजे ज्याच्याशिवायही भागलं असतं असं. उदाहरण ठरलेलं आहे. घडा झाला, त्याची कारणं माती, चाक, दांडा, कुंभार. माती ज्या गाढवाच्या पाठीवर आली ते गाढव कारण नाही. माती बैलगाडीनेही आली असती. वर्गात हे शिकवताना मुलं हमखास हसायची. पण पाहा, या हिशेबाने अक्षर हे कारण आहेच, त्याच्याशिवाय हा आजार होत नाही, यात वाद नाही. मग पाणी, थंडी, ताप, जंतुसंसर्ग ही सगळी गाढवं झाली का? ‘रेण्वीय रोग’ म्हणणाऱ्यांनी न सांगता असंच ठरवलं. खरं कारण अक्षर, बाकी प्रसंगाने आलेलं.

कॉलिंगवूडने १९४० साली याच्या उलट बाजूने बोट ठेवलं होतं. वळणावर मोटार घसरली. चालक म्हणतो, मी वेगात वळलो. रस्त्याचा सरकारी अधिकारी म्हणतो, रस्त्याचा पृष्ठभागच सदोष. कारखानदार म्हणतो, गाडीच्या रचनेत दोष. प्रत्येक जण ‘कारण’ म्हणून तीच गोष्ट निवडतो जी त्याच्या हातातली मूठ आहे, जी फिरवून तो पुढचा अपघात टाळू शकतो. हे पटलं की प्रश्न बदलतो. कुंभाराला घडा हवा असतो, म्हणून त्याला गाढवाचं काही नाही. रुग्णाला घडा नकोय. त्याला तो होऊच द्यायचा नाहीये. आणि घडा होऊ द्यायचा नसेल तर माती आणणारं गाढव अडवणं सगळ्यात स्वस्त पडतं.

वॉल्टर नोएल न्यूमोनियाने गेला, आठवतंय? या आजारात प्लीहा लहानपणीच निकामी होते, आणि न्यूमोकॉकससारखे जंतू मोकाट सुटतात. १९८६ मध्ये अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीन वर्षांखालच्या मुलांना रोज दोनदा तोंडाने पेनिसिलिन. न्यूमोकॉकसचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले. परिणाम इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवली. पेनिसिलिन अक्षराला हात लावत नाही, रेणूला लावत नाही, पेशीलाही लावत नाही. पण मूल जगतं. त्याच्या आधारावर अमेरिकेत जन्मल्या जन्मल्या तपासणीची शिफारस झाली, कारण ही मूठ पहिल्या काही महिन्यांतच फिरवावी लागते. आपल्याकडे चर्चा होते ती क्रिस्परची. पेनिसिलिनवर अग्रलेख कोणी लिहीत नाही.

आता दुसऱ्या अर्ध्या वाक्याकडे येतो. ‘चूक दुरुस्त करणारा इलाज सापडला.’

१६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या एफडीएने ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मंजुरी दिली. क्रिस्पर या जनुक-कात्रीवर आधारलेला हा पहिला मंजूर उपचार. ज्यांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला होता अशा ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग १२ महिने गंभीर क्रायसिस आला नाही. ही विलक्षण गोष्ट आहे, आणि ती विलक्षण नाही असं कोणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने नाही. पण हा उपचार करतो काय? अकराव्या गुणसूत्रावरच्या त्या टी-ला परत ए करतो? नाही. तो त्या अक्षराला हातसुद्धा लावत नाही. ‘चूक’ जिथल्या तिथे राहते.

तो काय करतो ते कळायला थोडं मागे जावं लागेल. १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन या डॉक्टरने पाहिलं की हा आजार असलेल्या नवजात बाळांच्या पेशी फारशा वाकड्या होत नाहीत. कारण बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, त्यात बीटा साखळीच नसते. जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद होतं, प्रौढ हिमोग्लोबिन सुरू होतं, आणि मग त्रास सुरू होतो. बंद करणारं बटण कोणतं, हे कळायला साठ वर्षं गेली. २००७-०८ च्या सुमारास हजारो माणसांच्या जनुकांच्या पाहणीतून दुसऱ्या गुणसूत्रावरचं ‘बीसीएल११ए’ हे जनुक पुढे आलं. सिकलसेलचे रुग्ण तपासताना नव्हे, तर गर्भातलं हिमोग्लोबिन कोणात जास्त, कोणात कमी, हे शोधताना. बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की हे जनुक गर्भातल्या हिमोग्लोबिनला दाबून ठेवतं. कॅसजेव्ही या जनुकाचा रक्तपेशींपुरता असलेला चालू-बटणाचा तुकडा कापून निकामी करतो. दाब उठतो, बाळपणीचं हिमोग्लोबिन परत येतं.

म्हणजे एक ‘चूक’ तशीच ठेवून दुसरीकडे मुद्दाम आणखी एक मोडतोड करायची, आणि माणूस बरा होतो! मुद्रणदोषाच्या रूपकात हे बसवून दाखवा. पुस्तकात एका पानावर चूक आहे; ती न सुधारता आपण वेगळ्याच पानावरचा एक शब्द खोडला आणि सगळा मजकूर वाचनीय झाला. असं पुस्तक मी तरी पाहिलेलं नाही. शरीर पुस्तक नाहीच. त्यात साखळ्या आहेत, बटणं आहेत, शर्यती आहेत, आणि इलाज म्हणजे या जाळ्यात कुठली तरी मूठ सापडणं. ती आरंभीच्या दोषापाशीच असेल असं काही नाही.

मला इथे ‘इलाज’ या शब्दाचीही किंमत विचारायची आहे. शब्दशः. रुग्णाच्या मूळपेशी काढायच्या, कारखान्यात पाठवायच्या, तिथे कात्री चालवायची, मग बुसल्फान नावाच्या जहाल औषधाने रुग्णाचा उरलेला बोनमॅरो जाळून टाकायचा, आणि बदललेल्या पेशी परत द्यायच्या. महिनाभर किंवा जास्त रुग्णालयात. वंध्यत्वाचा धोका. अमेरिकेतली जाहीर किंमत २२ लाख डॉलर, त्या वेळच्या दराने साधारण १८ कोटी रुपये. रुग्णालयाचा खर्च वेगळा. त्याच दिवशी मंजूर झालेल्या ‘लिफजेनिया’ या दुसऱ्या जनुकोपचाराची किंमत ३१ लाख डॉलर, आणि त्याच्या वेष्टनावर रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेत देशी क्रिस्पर उपचारावर काम झालं आहे, ते यशस्वी व्हावं आणि स्वस्त व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण बोनमॅरो जाळण्याची पायरी जोवर आहे, तोवर तालुक्याच्या गावी हे होणार नाही.

मूठ सापडली म्हणजे काम झालं असंही नाही, याचं एक दुःखद उदाहरण ताजं आहे. ‘व्होक्सेलोटर’ हे औषध एफडीएने नोव्हेंबर २०१९ मध्ये त्वरित पद्धतीने मंजूर केलं. कल्पना अगदी पॉलिंगच्या घराण्यातली. रेणूने ऑक्सिजन सोडला की तो चिकटतो ना, मग त्याला ऑक्सिजन सोडूच देऊ नका, घट्ट धरून ठेवू द्या. चाचणीत २७४ रुग्ण होते. पूर्ण मात्रा घेणाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांचं हिमोग्लोबिन एक ग्रॅमहून जास्त वाढलं, नुसती साखरगोळी घेणाऱ्यांत फक्त ७ टक्क्यांचं. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझर कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं, कारण नव्या माहितीत औषध घेणाऱ्यांमध्ये क्रायसिस आणि मृत्यू यांचं पारडं जड दिसत होतं.

तर्काचा विद्यार्थी म्हणून मला यात एक जुनी ओळखीची घसरण दिसते. औषधाने हिमोग्लोबिन वाढतं. ज्यांचं हिमोग्लोबिन जास्त त्यांना अनेक उपद्रव कमी होतात. म्हणून औषधाने उपद्रव कमी होतील. ‘सर्व माणसं मर्त्य’ छापाच्या विधानांत ही साखळी चालते. ‘बहुधा’, ‘सहसा’ असलेल्या विधानांत ती मधेच तुटते, कारण पहिल्या कडीतली वाढ आणि दुसऱ्या कडीतली वाढ ही एकाच जातीची असेलच असं नाही. ऑक्सिजन घट्ट धरून ठेवणारं हिमोग्लोबिन आकड्यात वाढतं, पण ऑक्सिजन पोचवायच्या कामाला ते किती उपयोगाचं, ही शंका काही रक्ततज्ज्ञांनी आधीच काढली होती. यंत्रणा समजली म्हणजे उपचार समजला, हा समज इथे रुग्णांना महागात पडला. त्याच महिन्यात, नोव्हेंबर २०१९ मध्येच मंजूर झालेल्या क्रिझानलिझुमॅबचंही असंच. नंतरच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही म्हणून युरोपने २०२३ मध्ये त्याची परवानगी काढून घेतली.

आणि या सगळ्या धामधुमीत एक जुनी गोळी कोपऱ्यात उभी आहे. हायड्रॉक्सियुरिया. मुळात कर्करोगाचं औषध. १९९५ च्या अमेरिकी चाचणीत तिने क्रायसिस जवळजवळ निम्म्यावर आणले, १९९८ मध्ये मंजुरी मिळाली. ती काय करते? बरेचसे गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते. म्हणजे १८ कोटींची कात्री जे बटण मोडते, त्याच दिशेने ही काही रुपयांची कॅप्सूल ढकलते; कमी जोराने, आणि रोज. नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी दाखवलं की आपल्याकडच्या मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी, ठरावीक मात्रेचाही चांगला उपयोग होतो. कमी मात्रा म्हणजे रक्त तपासण्याच्या फेऱ्याही आटोक्यात. ज्या गावाहून एसटी दिवसातून दोनदा सुटते तिथे ही बाब मोठी आहे. या कामाचा मला कॅसजेव्हीइतकाच अभिमान वाटतो, पण अशा शोधांची बातमी होत नाही.

‘एक अक्षर’ या रूपकाने भारतीय रुग्णांचं वेगळंही नुकसान केलंय. आपल्याकडचं हे जनुक ज्या गुणसूत्रावरच्या पार्श्वभूमीवर बसलंय तिला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात. तिच्यासोबत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त राहतं. त्यावरून बरीच वर्षं पाठ्यपुस्तकी समज होता की भारतीय सिकलसेल सौम्य. मध्य भारतातल्या, विशेषतः नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी जन्मापासून मुलांचा पाठपुरावा केला तेव्हा कळलं की बऱ्याच मुलांना गंभीर त्रास होतो. आधी म्हणायचं सगळं एका अक्षरात आहे, मग म्हणायचं सगळं पार्श्वभूमीत आहे. दोन्ही वेळा मूल कुठे राहतं, काय खातं, त्याला मलेरिया होतो का, हे बाहेरच.

आता शेवटचा मुद्दा, आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारा. रोग रेणूचा असं एकदा ठरलं की रेणू बाळगणारा माणूस संशयित होतो. पॉलिंगनेच १९६८ मध्ये एका कायदेविषयक नियतकालिकात सुचवलं की अशा जनुकाच्या वाहक तरुण-तरुणींच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडायच्या आधी सावध होतील. दोन नोबेल मिळवलेला, अणुचाचण्यांविरुद्ध लढलेला, सहृदय माणूस हे लिहितो. त्याच्या हेतूबद्दल शंका नको. शंका त्याच्या ‘मुळे’बद्दल हवी. १९७० च्या दशकात अमेरिकेत घाईने तपासण्या झाल्या, वाहक आणि रुग्ण यांतला फरक लोकांना नीट सांगितला गेला नाही, आणि पूर्ण निरोगी कृष्णवर्णीय तरुणांना हवाईदलाच्या अकादमीचं दार १९८१ पर्यंत बंद राहिलं. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस गावात तपासणी आणि समुपदेशन झालं. परिणाम असा की वाहकांवर बट्टा लागला आणि लोक लग्नाच्या वेळी आपला निकाल लपवू लागले.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, निकालाची कार्डं. तपासणी हवीच. नवजात बाळांची तर हवीच हवी, पेनिसिलिनची मूठ त्याशिवाय फिरत नाही. माझा आक्षेप ‘निर्मूलन’ या शब्दाला आहे. कशाचं मूळ काढायचं? जनुकाचं? ते वाहकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांत राहणार. मग उरतं ते रुग्ण जन्मू न देणं, आणि ती जबाबदारी हळूच जाऊन पडते लग्नाच्या वयाच्या आदिवासी मुलीवर. भिल्ल, पावरा, माडिया, परधान या समाजांत हे जनुक जास्त आढळतं, विदर्भातल्या अनुसूचित जातींतही आढळतं. ज्यांच्या कपाळावर आधीच बऱ्याच खुणा आपण गोंदवल्यात, त्यांच्या हातात आणखी एक कार्ड देताना भाषा जपून वापरावी लागते. २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. त्या भाषेत रुग्णाला हक्क आहे. ‘निर्मूलन’ या भाषेत तो शिल्लक राहिलेली थकबाकी आहे.

वेळ संपत आली. प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, तुमच्या बोलण्यावरून असं वाटलं की जनुकोपचारावर पैसा खर्च करणं चूक आहे.

असं वाटलं असेल तर नीट सांगतो. संशोधनावर खर्च करावा, खुशाल करावा. बीसीएल११ए सापडलं ते कोणी ‘याचा उपयोग काय’ असं न विचारता शोधत राहिलं म्हणून. माझा आक्षेप क्रमाला आहे. ज्या तालुक्यात हायड्रॉक्सियुरिया तीन-तीन महिने संपलेली असते आणि आशाताई रुग्णांना ‘पुढच्या महिन्यात या’ सांगतात, तिथे ‘इलाज सापडला’ ही बातमी वाचणाऱ्या आईला काय वाटत असेल? तिच्यासाठी इलाज १९९८ पासून सापडलेला आहे. तो पोचलेला नाही. रेणूत दोष असेल तर आपण शास्त्रज्ञाची वाट पाहतो. दोष गोळ्यांच्या पुरवठ्यात असेल तर कोणाची वाट पाहायची? तिथे विचारायला एक निश्चित टेबल असतं, त्यावर एक फाईल असते.

प्रश्न: माझी मुलगी एएस आहे. स्थळं पाहतोय. सांगायचं की नाही?

ताई, वैद्यकीय भाग समुपदेशकाकडून ऐका, पण हिशेबाचा भाग मी सांगू शकतो. एएस म्हणजे वाहक, तुमची मुलगी आजारी नाही आणि होणारही नाही, असं समजून चाला. मुलगा एए असेल तर मुलांना हा आजार होणार नाही. फार तर काही मुलं वाहक होतील. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता असते. प्रत्येक वेळी नव्याने. ‘एक मूल झालं, आता पुढची तीन ठीक’ असा हिशेब लोक करतात, तो चुकीचा आहे. नाण्याला मागचं आठवत नसतं. मुलाकडचेही काही वेळा आपल्याकडे रिपोर्ट मागतात आणि स्वतःचा काढलेलाच नसतो. तेव्हा सांगा, पण त्याच बैठकीत त्यांच्या मुलाचाही रिपोर्ट मागा. नुसती सोल्युबिलिटी चाचणी नको, तिच्यावरून एएस की एसएस ते कळत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्या, जिल्हा रुग्णालयात होते. आणि मुलीला विचारून, तिला समोर बसवून सांगा. तिच्या मागे नको.